मुभा आणि हक्क : संगणकावरील खेळांच्या निमित्ताने

शिवणयंत्र विकत घेतले की ते आपले होते. त्याला तेल घालावे, झिजलेला पट्टा काढून नवा घालावा, पायाने चालणाऱ्या यंत्राला मोटार बसवून घ्यावी. कंपनी विचारायला येत नाही. सायकलचे तसेच, हार्मोनियमचेही तसेच. संगणकावर खेळण्याचा एखादा खेळ आपण रोख पैसे मोजून घेतो, तेव्हा मात्र मालकीची गोष्ट इतकी सरळ राहत नाही. तो खेळ कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवायचा, त्यात आपल्या मनासारखा फेरफार करायचा की नाही, आणि तो ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र उघडून त्यात एखादा भाग वाढवायचा की नाही, या तिन्ही प्रश्नांना "वस्तू आपली, आपण ठरवू" एवढे उत्तर पुरे पडत नाही. या तीन प्रश्नांचा थोडा खोलात जाऊन विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळासारखा विषय अभ्यासलेखाला शोभतो काय, अशी शंका काही गुरुजनांच्या मनात येईल. माझे म्हणणे असे की, घरगुती संगणकावर सर्वांत जास्त ताण खेळच टाकतात. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये अर्ध्या सेकंदाचा उशीर खपून जातो, खेळात तो खपत नाही. त्यामुळे एखादी युक्ती कितपत टिकाऊ आहे, हे खेळाच्या क्षेत्रात लवकर कळून येते.

विषयात शिरण्यापूर्वी दोन शब्दांतील भेद स्पष्ट करून घेतो. घरमालक गच्चीवर पापड वाळत घालू देतो, ही मुभा होय. उद्या त्याने गच्चीला कुलूप लावले तर आपल्याला काही बोलता येत नाही. पण करारपत्र आणि भाड्याची पावती हातात असेल, तर कराराची मुदत संपेपर्यंत खोलीत राहणे हा हक्क असतो. रोजच्या व्यवहारात दोहोंचा अनुभव सारखाच येतो. पापड वाळतात आणि झोपही लागते. फरक कळतो तो मालकाचे मन फिरल्यावर.

१. दुभाष्याची युक्ती

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ती कोणालाही फुकट घेता येते, उघडून पाहता येते व बदलता येते. मात्र संगणकावरचे बहुतेक मोठे खेळ विंडोजसाठी लिहिले जातात. मग विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर कसा चालावा? माझ्या खोलीतील जुन्या संगणकावर मी लिनक्स घातले आणि २०११ साली निघालेला 'स्कायरिम' हा खेळ त्यावर सुरू केला, तेव्हा कानडी माध्यमातून शिकलेल्या माझ्या खोलीसोबत्याने हाच प्रश्न विचारला. त्याला मी जे सांगितले, तेच येथे जरा व्यवस्थित मांडतो.

प्रोसेसरला विंडोज कळत नाही आणि लिनक्सही कळत नाही. त्याला कळतात त्या फक्त त्याच्या स्वतःच्या आज्ञा : या दोन संख्यांची बेरीज कर, ही संख्या तिकडे नेऊन ठेव, अमुक झाले तर तमुक ठिकाणी उडी मार. एकाच जातीचा प्रोसेसर असेल, तर वरती कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम असो, या आज्ञा त्याच राहतात. खेळाचा फार मोठा भाग अशा आज्ञांचाच बनलेला असतो. अडचण येते ती खेळाला ऑपरेटिंग सिस्टिमकडे काही मागायचे असते तेव्हा. "ही फाइल उघडून दे", "एवढ्या मापाची खिडकी काढ", "माउस आता कोठे आहे ते सांग", अशा या मागण्या असतात. विंडोजमध्ये प्रत्येक मागणीचे नाव ठरलेले आहे व ती पुरी करणारे कोड ठरावीक फाइलींत ठेवलेले असतात. लिनक्समध्ये त्या नावांना ओ देणारे कोणी नसते. खेळ दारातच अडतो.

यावर एक उपाय म्हणजे एम्युलेशन. यात मूळ यंत्राची संपूर्ण नक्कल प्रोग्रॅमने करायची, म्हणजे प्रत्येक बारीकसारीक आज्ञाही स्वतः वाचून तिचा परिणाम घडवून आणायचा. जुन्या, संथ यंत्रांच्या बाबतीत हे जमते, पण नव्या खेळाला हा मार्ग फार मंद पडतो. दुसरा उपाय आपल्या गावात रोज दिसतो. खेड्यातून आलेले गिऱ्हाईक मराठीत मागते आणि आतला मालक फक्त कानडी समजतो. अशा वेळी कोणी दुकानात दुसरे दुकान बांधत नाही. गल्ल्याजवळ दोन्ही भाषा जाणणारा एक पोऱ्या उभा केला म्हणजे काम होते. माल तोच, पैसे तेच, तराजूही तोच. फक्त मागणी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते.

असा पोऱ्या उभा करण्याचे काम 'वाइन' या प्रकल्पाने केले. "वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे" अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे म्हणजेच हे नाव. हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याची धुरा सांभाळत आले. विंडोजमधील त्या ठरावीक फाइली वाइनच्या लोकांनी पहिल्यापासून नव्याने लिहिल्या. बाहेरून नावे विंडोजचीच, आत मात्र प्रत्येक मागणीचे लिनक्सच्या मागणीत रूपांतर.

या प्रकल्पाची पहिली पूर्ण आवृत्ती जून २००८ मध्ये निघाली, म्हणजे सुरुवातीनंतर तब्बल पंधरा वर्षांनी. एवढा वेळ का लागावा? विंडोजचा सोर्स कोड वाइनकारांजवळ नव्हता. छापील माहितीत कोणती मागणी काय करते ते दिलेले असते, पण प्रत्यक्षात ती काय करते यात पुष्कळदा थोडे अंतर असते, आणि खेळ लिहिणारे त्या प्रत्यक्ष वागण्यावर, त्यातील दोषांसकट, विसंबलेले असतात. म्हणून वाइनकार छोट्या छोट्या चाचण्या लिहितात, त्या खऱ्या विंडोजवर चालवून काय उत्तर येते ते पाहतात, आणि आपल्या कोडनेही तेच उत्तर द्यावे अशी व्यवस्था करतात. नुसते व्याकरण पाठ करून दुभाष्याचे भागत नाही, त्याला बोलीही शिकावी लागते.

खेळांच्या बाबतीत सर्वांत अवघड भाग चित्रांचा. विंडोजवरील खेळ पडद्यावर चित्र काढण्यासाठी बहुधा 'डायरेक्ट-थ्रीडी' नावाची मायक्रोसॉफ्टची पद्धत वापरतात. २०१६ च्या फेब्रुवारीत ख्रोनोस ग्रूप या संस्थेने 'व्हल्कन' ही नवी पद्धत जाहीर केली. ती कोणत्याही एका ऑपरेटिंग सिस्टिमला बांधलेली नाही आणि तिच्यामार्फत ग्राफिक्सच्या चिपशी फार जवळून बोलता येते. फिलिप रेबोले यांनी डायरेक्ट-थ्रीडीच्या मागण्यांचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा 'डीएक्सव्हीके' हा प्रोग्रॅम लिहिला. वाइन, डीएक्सव्हीके व इतर काही भाग एकत्र बांधून व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' नावाने ते आपल्या 'स्टीम' या खेळांच्या दुकानात जोडून दिले. तेव्हापासून सामान्य माणसाला यातले काहीही ठाऊक नसले तरी चालते; बटण दाबले की खेळ सुरू होतो.

व्हॉल्व्हने हा उद्योग धर्मादाय म्हणून केलेला नाही. तिचे सारे दुकान मायक्रोसॉफ्टच्या अंगणात मांडलेले होते, आणि २०१२ साली विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचेच दुकान उघडले. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी त्या वेळी विंडोज ८ वर कडक टीका केली होती. आपला धंदा दुसऱ्याच्या मुभेवर उभा आहे, हे त्या कंपनीने ओळखले. २०१३ मध्ये तिने स्टीम लिनक्सवर आणले. नोव्हेंबर २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी 'स्टीम मशिन' ही यंत्रे बाजारात आली, पण लिनक्ससाठी लिहिलेले खेळ थोडे असल्याने ती चालली नाहीत. खेळ लिहिणाऱ्यांना "आमची भाषा शिका" म्हणण्यापेक्षा आपणच दुभाषी ठेवावा, हा धडा त्यातून घेतला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे यंत्र याच धड्याचे फळ होय. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच ३ टक्क्यांच्या वर गेले. आकडा लहान आहे हे खरे. तथापि त्याच महिन्यात, १४ तारखेला, विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ न स्वीकारणारे असंख्य धडधाकट संगणक पोरके झाले, हे लक्षात घेता या तीन टक्क्यांना मोल आहे.

या युक्तीला एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. अनेकांनी मिळून इंटरनेटवरून खेळायच्या खेळांत लबाडी पकडणारे पहारेकरी प्रोग्रॅम असतात. त्यांपैकी काही विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून बसतात, आणि तेथे वाइनचा पोऱ्या पोचू शकत नाही. 'ईझी अँटी-चीट' व 'बॅटल-आय' या दोन पहारेकऱ्यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार किलकिले केले, परंतु ते उघडायचे की नाही हे प्रत्येक खेळाच्या कंपनीवर सोपवले. 'एपेक्स लेजंड्स' या खेळाने ते उघडले होते. पुढे लिनक्सच्या वाटेने लबाडी फार होते असे कारण देऊन ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याने ते पुन्हा बंद केले. म्हणजे दुभाषी कितीही तरबेज असला, तरी दुसऱ्याच्या घरात बसून खेळायचा खेळ हा शेवटी मुभेचाच विषय राहतो.

२. खेळात फेरफार

खेळ विकत घेणाऱ्याने त्यात केलेल्या फेरफाराला 'मॉड' म्हणतात. नवा नकाशा, नवे पात्र, नवे नियम, नुसते झाडांचे रंग, काहीही. याची मोठी परंपरा 'डूम' या खेळापासून सुरू झाली. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने तो डिसेंबर १९९३ मध्ये काढला. जॉन कारमॅक यांनी त्यात खेळ चालवणारे यंत्र एका बाजूला आणि नकाशे, चित्रे, आवाज हे सारे सामान दुसऱ्या बाजूला वेगळ्या फाइलीत ठेवले होते. नाटक कंपनीच्या भाषेत बोलायचे तर रंगमंच तोच, पडदे आणि कपडे मात्र पेटाऱ्यात वेगळे. त्यामुळे पेटारा बदलला की त्याच रंगमंचावर नवे नाटक उभे राहू लागले. कंपनीने हौशी लोकांना अडवले नाही. त्यांचे फेरफार विकत घेतलेल्या प्रतीवरच चालावेत, एवढीच तिची अपेक्षा होती. परिणामी फेरफारांसाठी लोक मूळ खेळ विकत घेऊ लागले. १९९६ मध्ये निघालेल्या 'फायनल डूम' मध्ये तर हौशी लोकांचेच काम कंपनीने प्रसिद्ध केले.

आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे असे उदाहरण 'काउंटर-स्ट्राइक' चे आहे. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी १९९९ साली 'हाफ-लाइफ' या खेळात फेरफार करून तो तयार केला. दुसऱ्याच वर्षी व्हॉल्व्हने तो विकत घेऊन स्वतंत्र खेळ म्हणून बाजारात आणला. जगातील अत्यंत लोकप्रिय खेळांपैकी एक असा महाविद्यालयीन वयाच्या मुलांच्या हौसेतून जन्मला.

मॉड बसवताना शिकण्यासारखे खूप असते. स्कायरिमचेच उदाहरण घेतो. या खेळातील प्रत्येक वस्तूची, माणसाची, घराची एक नोंद असते, आणि मॉड त्या नोंदींवर आपली नोंद चढवतो. दोन मॉडांनी एकाच तलवारीची नोंद बदलली तर काय होते? ज्याचा क्रम शेवटचा, त्याचे म्हणणे खरे ठरते. म्हणून कोणता मॉड आधी आणि कोणता नंतर, हे ठरवण्यातच निम्मे कौशल्य असते. लिनक्सवर आणखी दोन गोष्टी लागतात. विंडोज फाइलीच्या नावातील इंग्रजी मोठ्या व लहान अक्षरांत भेद मानत नाही, लिनक्स मानते; त्यामुळे केवळ पहिल्या अक्षराने वेगळे असे एकाच नावाचे दोन फोल्डर तयार होतात आणि अर्धी चित्रे खेळाला सापडत नाहीत. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी एक वेगळा फोल्डर करून त्यात विंडोजचा खोटा 'सी ड्राइव्ह' मांडतो. मॉडने आपली फाइल विंडोजच्या फाइलीऐवजी वापरायला सांगितली असेल, तर ते वाइनला वेगळे कळवावे लागते. हे सर्व करता करता ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाठ्यपुस्तकातील तीन प्रकरणे मला न घोकता समजली.

आता मुभेचा प्रश्न. मॉड करणाऱ्याचे काम दुसऱ्याच्या घरात भिंत रंगवण्यासारखे आहे. एप्रिल २०१५ मध्ये स्कायरिमचे मॉड स्टीमवर पैसे घेऊन विकण्याची योजना निघाली. विक्रीतील २५ टक्के मॉड करणाऱ्याला मिळणार होते, बाकीचे दुकानदार व खेळाची कंपनी यांना. गदारोळ इतका झाला की आठवड्याच्या आत योजना मागे घ्यावी लागली. मॉडांचे मोठे भांडार असलेल्या नेक्सस मॉड्सने २०२१ मध्ये असा नियम केला की, एकदा दिलेली फाइल कर्त्याला कायमची काढून घेता येणार नाही, ती संग्रहात राहील. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने हे सोयीचे, पण कित्येक कर्ते दुखावले. घाम गाळणाऱ्याचा हक्क नेमका कोठे सुरू होतो, हे त्यांना कोणी लिहून दिलेलेच नव्हते.

डूमची गोष्ट मात्र निराळ्या वळणाने गेली. डिसेंबर १९९७ मध्ये कारमॅक यांनी त्याचा सोर्स कोड प्रसिद्ध केला, आणि तोही लिनक्सच्या आवृत्तीचा, कारण डॉसच्या आवृत्तीतील आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. १९९९ मध्ये तो कोड जीपीएल या परवान्याखाली आला. आता वापरणे, वाचणे, बदलणे व वाटणे हा घेणाऱ्याचा हक्क झाला. कंपनीचा मालक त्यानंतर बदलला, पण तो परवाना कोणालाही मागे घेता आला नाही. ज्या यंत्रांची १९९३ साली कल्पनाही नव्हती, त्यांवर डूम चालतो तो या परवान्यामुळे.

३. यंत्राचे झाकण

घरातील टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. ही बंद पेटी असते. त्यात भर घालण्याची सोय पूर्वीपासून काही प्रमाणात होती. निन्टेन्डो ६४ या १९९६ सालच्या यंत्राच्या तोंडाशीच एक छोटे झाकण होते. १९९८ मध्ये कंपनीने काढलेली ४ एमबीची डबी तेथे बसवली की यंत्राची रॅम ४ ची ८ एमबी होई, आणि काही खेळ त्या डबीशिवाय चालतच नसत. ही भर कंपनीची, तिच्या इच्छेची आणि तिच्याच मापाची होती.

सोनीच्या प्लेस्टेशन ३ चा इतिहास अधिक बोलका आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये हे यंत्र निघाले तेव्हा त्यातील हार्ड डिस्क घरच्या घरी बदलता येई. बाजारात मिळणारी साधी लॅपटॉपची डिस्क त्याला चाले. शिवाय त्यात दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घालण्याची अधिकृत सोय होती. लोकांनी लिनक्स घातले. अमेरिकन हवाईदलाच्या संशोधनशाळेने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून २०१० मध्ये एक महासंगणकच उभा केला. पण त्याच वर्षी १ एप्रिलला सोनीने सुरक्षिततेचे कारण देऊन नव्या अपडेटने ती सोय काढून टाकली. अपडेट घेणे सक्तीचे नव्हते. मात्र न घेणाऱ्याला इंटरनेटवर खेळणे आणि कित्येक नवे खेळ बंद झाले. जी सोय पाहून यंत्र घेतले ती, किंवा ज्या खेळांसाठी घेतले ते, या दोहोंपैकी एक निवडा, अशी ही निवड होती. अमेरिकेत त्यावर खटला भरला गेला, अनेक वर्षे चालला आणि तडजोडीने मिटला. सोय परत आली नाही.

प्लेस्टेशन ५ मध्ये गंमत उलटी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये (भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी) हे यंत्र आले. त्यात ८२५ जीबीची एसएसडी असून आणखी एक एसएसडी बसवण्यासाठी आत रिकामी खाच ठेवलेली आहे. खाच यंत्रात होती, यंत्राचे पैसे ग्राहकाने दिलेले होते, परंतु सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपर्यंत ती बंद ठेवलेली होती. ती उघडल्यावर मात्र काम सोपे झाले : एनव्हीएमई जातीची, पीसीआयई चौथ्या पिढीची एसएसडी, तिच्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टी, बाजूचे आवरण हाताने सरकवायचे, स्क्रू काढायचे आणि डिस्क बसवायची. बाजारातील कोणत्याही कंपनीची डिस्क चालते, हे येथे विशेष. एक्सबॉक्सच्या त्याच काळातील यंत्रांत भर घालण्यासाठी त्याच यंत्रासाठी बनवलेले खास कार्डच लागते.

कन्सोलवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पेटी एकसारखी असल्यामुळे खेळ लिहिणाऱ्याला नेमके काय मिळणार ते ठाऊक असते, आणि त्याच यंत्रातून तो जास्त काम काढून घेतो. यंत्र पुष्कळदा खर्चाच्या आसपास विकून कमाई खेळांतून केली जाते, म्हणून गिऱ्हाइकाला ते स्वस्त पडते. चोरट्या प्रती आणि लबाडी यांची भीतीही खोटी नाही. माझा आक्षेप पेटी बंद असण्यावर नाही. विकताना उघडी म्हणून दिलेली पेटी नंतर बंद करता येते, यावर आहे.

४. कायदा काय म्हणतो

लिनक्सवर विंडोजचा खेळ चालवणे किंवा त्यासाठी वाइनसारखा प्रोग्रॅम लिहिणे ही पळवाट आहे, असा समज असतो. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. १९९९ च्या दुरुस्तीने त्याच्या कलम ५२ मध्ये संगणकाच्या प्रोग्रॅमविषयी काही तरतुदी आल्या. रीतसर मिळवलेला प्रोग्रॅम दुसऱ्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढून घेण्यासाठी आवश्यक ते करणे हा भंग मानला जात नाही. प्रोग्रॅम चालवताना त्याचे निरीक्षण व अभ्यास करून त्यामागची तत्त्वे समजून घेणे, हाही भंग नव्हे. २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५-अ ने डिजिटल कुलपे तोडणे गुन्हा ठरवले, परंतु तो हक्कभंगाच्या इराद्याशी जोडून. म्हणजे चोरी वेगळी आणि अभ्यास वेगळा, हा भेद आपल्या कायद्याने मान्य केलेला आहे. परवान्याच्या बारीक अक्षरांत कंपनीने काहीही छापले, तरी विद्यार्थ्याने मूळ कलम एकदा वाचावे.

वाइनला २००२ पासून एलजीपीएल हा परवाना आहे. उद्या व्हॉल्व्हने प्रोटॉनवरचा खर्च थांबवला, तर काम मंदावेल. पण जे लिहून झाले आहे ते कोणालाही पुढे नेता येईल. स्टीमच्या दुकानातून घेतलेल्या खेळांची गोष्ट तशी नाही. तेथे आपल्याला मिळतो तो खेळ वापरण्याचा परवाना. ग्राहकाला हे स्पष्ट सांगितले पाहिजे, असा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून लागू केला. त्याआधी, ३१ मार्च २०२४ रोजी, 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचा सर्व्हर बंद झाला आणि पैसे देऊन घेतलेल्या प्रतीही त्या दिवशी मुक्या झाल्या.

५. आपला यात संबंध काय

या सगळ्याशी मराठी आणि कानडी मुलांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध भाषेचा आहे. मोठ्या खेळांतून आपल्या भाषा क्वचितच ऐकू येतात. जपानी भाषेत २००६ साली निघालेला 'मदर ३' हा खेळ कंपनीने इंग्रजीत आणला नाही, तेव्हा चाहत्यांनीच २००८ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद करून मॉड म्हणून दिला. हा मार्ग आपल्यालाही मोकळा आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आणि माझ्या खोलीसोबत्याने एका जुन्या छोट्या खेळातील वाक्ये काढून त्यांच्या जागी मी मराठी व त्याने कानडी वाक्ये घालून पाहिली. फाइल बदलणे सोपे होते. पडद्यावर मात्र 'किल्ला' मधील पहिली वेलांटी क च्या मागे जाऊन बसली आणि ल्ल ची दोन अक्षरे पाय मोडून वेगळी उभी राहिली. कानडीतील जोडाक्षरांचे खाली लिहायचे वत्तुही तसेच बाजूला सरकले. कारण असे की, तो खेळ एका अक्षराला एक चित्र असा सरळ हिशेब करीत होता. आपल्या लिप्यांत अक्षरांची जागा व रूप शेजाऱ्यावर अवलंबून असते, आणि हा हिशेब वेगळ्या प्रोग्रॅमने करावा लागतो. 'हार्फबझ' नावाचा असा प्रोग्रॅम मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. खेळाचा कोड खुला असता, तर हार्फबझ त्यात जोडून देवनागरी आणि कानडी दोन्ही एकदम सुधारता आल्या असत्या. कोड बंद होता, म्हणून आम्हांला कंपनीच्या मर्जीची वाट पाहण्यावाचून मार्ग राहिला नाही. मग आम्ही तेच काम कोड खुला असलेल्या एका लहान खेळावर हाती घेतले. या अंकाच्या कानडी विभागात माझा सोबती त्याच्या बाजूची हकीकत लिहिणार आहे.

विद्यार्थी मित्रांनी खेळ जरूर खेळावेत. खेळ, यंत्र किंवा प्रोग्रॅम घेताना मात्र तीन गोष्टी पाहून घ्याव्यात : हे दुसऱ्या यंत्रावर नेता येईल काय, यात फेरफार करता येईल काय, आणि बनवणाऱ्याचे मन फिरले तर माझ्या हातात काय उरेल. तिसऱ्याचे उत्तर "काही नाही" असे आले, तरी खेळ घेऊ नये असे मी म्हणत नाही. पण तेव्हा आपण भाडे भरतो आहोत हे ओळखून किंमत ठरवावी. आणि हाताशी एखादा जुना संगणक पडून असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स घालून पाहावे. आमच्या वसतिगृहात शनिवारी दुपारी आम्ही हेच काम करतो. कोणीही संगणक घेऊन यावे, मराठीत विचारावे किंवा कानडीत; उत्तर देणारा कोणी ना कोणी असतो.